बोर्डिंग झालं का?

"माताजी, आपका बोर्डिंग हो गया?"

दिल्लीच्या विमानतळावर, टर्मिनल एकमध्ये, निळ्या कोटातल्या माणसाने हे विचारलं तेव्हा शकुबाई चक्रावलीच. सावली गावातली गोष्ट दिल्लीपर्यंत पोचली कशी? मग तिला वाटलं, हे काम निकेशचं. भाच्याच्या पोटात काही राहत नाही. सकाळी नागपूरला सोडायला आला तेव्हा चहावाल्यापासून दारावरच्या शिपायापर्यंत सगळ्यांना त्याने आत्या लंडनला चालल्याचं सांगून टाकलं होतं. हेही सांगितलं असेल.

"हो गया भाऊ," ती म्हणाली. "पूरा हो गया."

"बढिया. फिर काउंटर पे मत रुकिए. सीधा बस पकडिए, टर्मिनल तीन."

डावीकडे रांग लागलेल्या काउंटरकडे तो बाकीच्यांना पाठवत होता. शकुबाईला मात्र त्याने उजवीकडचं काचेचं दार दाखवलं. रांग चुकली म्हणून ती मनातून खूशच झाली. आणि इथेच घोळ झाला.

त्यात शकुबाईची चूक म्हणावी तर तशी काही नव्हती. साऱ्या सावली तालुक्यात बोर्डिंग म्हणजे एकच, गावाबाहेरचं मुलींचं वसतिगृह. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा तापाने गेला, पोरबाळ झालंच नव्हतं, आणि सासरी दोन वेळच्या भाकरीसोबत टोमणेही मोजून मिळू लागले तेव्हा ती बोर्डिंगात स्वयंपाकाला लागली. केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. गेल्या मार्चमध्ये बोर्डिंग बंद झालं. गावोगाव शाळा झाल्या होत्या, पोरी कमी कमी होत गेल्या होत्या. शेवटच्या दिवशी शकुबाईने वरणभाताचे मोठे गंज घासून पालथे घातले, चुलीची राख काढली, किल्ली दिली आणि घरी येऊन ओसरीत बसली. तेव्हापासून बाजारात भेटेल तो हेच विचारायचा, "शकुबाई, झालं का वो तुमचं बोर्डिंग?" आणि ती म्हणायची, "झालं बाप्पा, पूरं झालं." दिल्लीच्या माणसालाही तिने तेच उत्तर दिलं.

त्याला विचारायचं होतं वेगळंच. त्या डावीकडच्या काउंटरवर मिळणारा लंडनच्या विमानाचा पास हातात पडलाय का, एवढंच.

बाहेर बस उभी होती, पण ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. आत चारच माणसं.

"काऊन उभी हाय गाडी?" शकुबाईने विचारलं.

"भरेगी तब जाएगी माताजी."

नागपूरचं विमान धुक्यामुळे आधीच दिल्लीवर घिरट्या घालत राहिलं होतं. हातात वेळ म्हणून जो काही होता तो वरच्या वर विरघळून गेला होता. शकुबाईने ड्रायव्हरकडे पाहिलं, रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि पदर खोचला. फूटपाथवर आपापल्या बॅगांशी झटणारे, मोबाईलमध्ये डोकं घातलेले, तीन नंबरला जायचं की नाही याच विचारात पडलेले लोक होते. जेवणाच्या घंटेनंतरही व्हरांड्यात गप्पा मारत रेंगाळणाऱ्या पोरी जशा हाकायच्या, तशी ती त्यांच्यात शिरली.

"चलो, चलो! तीन नंबर? बैठो जल्दी. ओ भाऊ, तीन नंबर क्या? फिर उभे काऊन है? बैग दो इधर. सरको, सरको, उधर जगा है."

एका सुटातल्या माणसाची बॅग तिने त्याने नको म्हणायच्या आत आत ढकलली. बघता बघता बस भरली. ड्रायव्हर तंबाखू तोंडात टाकून वर चढला आणि आरशातून तिच्याकडे बघून म्हणाला, "कंडक्टर थी क्या आप?"

"बोर्डिंगवाली थी," शकुबाई म्हणाली.

बस विमानतळाच्या बाहेर पडून शहराच्या रस्त्याला लागली. एका विमानतळाचं दुसरं दार इतकं लांब असतं होय? सावलीहून व्याहाडला जावं तसा हा प्रवास चालला होता. तिने मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पिशवीत नवं लुगडं होतं, तिळाचे लाडू होते आणि फडक्यात बांधलेली हळद होती. घरच्या पाट्यावर स्वतः वाटलेली, उन्हात वाळवलेली.

ही हळद सोमारीसाठी होती.

सोमारी धानोऱ्यापलीकडच्या जंगलातल्या गावची. मायबाप गेलेले. आजोबाने आणून बोर्डिंगच्या दारात सोडली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जावा." शकुबाईला राग आला. एवढीशी पोरगी, आणि माझ्याच स्वयंपाकघरातून मलाच जावा म्हणते? "तूच जा," ती म्हणाली. पोरगी हलली नाही. "जावा," तिने पुन्हा म्हटलं. रडली नाही, ओरडली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि थोड्या थोड्या वेळाने तोच एक शब्द म्हणत राहिली. शेवटी शिपाईण चंदा आली, तिला गोंडी येत होती. ती हसत सुटली. "अवो, जावा म्हणजे पेज! पेज मांगून राह्यली ते." शकुबाईला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की तिने त्या रात्री कण्यांची पेज केली आणि त्या पोरीला आपल्या हाताने पाजली. त्यानंतर सुट्टीवरून यायला सोमारीला कितीही उशीर होवो, पूर येवो, गाडी चुको, तिचं ताट चुलीशेजारी झाकून ठेवलेलं असायचं.

तीच सोमारी आता लंडनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्याच एका केरळच्या पोराशी तिचं लग्न ठरलं होतं. तिकिटाचं, व्हिसाचं सगळं तिनेच केलं, आणि फोनवर हुकूम सोडला.

"शकुबाई, हळद तू लावशील."

"मी?" शकुबाईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला होता. "मले कोनी हळदीले हात लावू देत नाई, तुले मालूम नाई का?"

"पहिली हळद मायनं लावाची असते."

"मी माय हावो का तुही? अन् त्याच्यात रांडमुंड बाई. काही भलतं झालं तं?"

मग सोमारी म्हणाली, "तू नाई आली तं मी बिनहळदीची उभी राहीन. दुसऱ्या कोनाचा हात लावू नाई देत. पाह्य मंग."

शकुबाई त्या पोरीला ओळखून होती. चौकट धरून उभी राहिली की राहिली. शेजारच्या नूतनने ऐकलं तेव्हा ती तोंडावर म्हणाली होती, "बाई, पोरीचं भलं पाह्यजे असंन तं जाऊन मांगंच उभी राह्यजो." ते शब्द शकुबाईला कुसळासारखे टोचत राहिले. तिची बोटं तर रोजच पिवळी असायची. आयुष्यभर वरणात हळद टाकली, भाजीत टाकली, गावभरच्या पोरी त्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या. त्या हातचं खाल्लेलं चालत होतं, पण मांडवात तोच हात चालत नव्हता. पाट्यावर हळद वाटताना ती एकटीच मोठ्याने म्हणाली होती, "चालते. आता चालते म्हंजे चालते."

हळद उद्या सकाळी होती आणि लग्न दुपारी. आजचं विमान गेलं तर दुसरं उद्याचं, आणि ते पोचेपर्यंत लग्न होऊन गेलेलं असणार.

टर्मिनल तीनच्या दारात बंदूकधारी शिपायाने पासपोर्ट आणि तिकिटाचा कागद पाहिला आणि तिला आत सोडलं. पुढच्या दाराशी दुसऱ्याने अडवलं.

"बोर्डिंग पास?"

शकुबाईने नागपूरचा तुकडा दिला.

"ये तो नागपूर-दिल्ली का है. लंडनवाला किधर है? बोर्डिंग नही किया आपने?"

"किया ना. मार्च में ही हो गया."

शिपायाने तिच्याकडे असं पाहिलं की शकुबाईच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. बोर्डिंग. पास. म्हणजे हे बोर्डिंग काहीतरी वेगळंच! त्या निळ्या कोटवाल्याने सावलीचं विचारलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं वाटण्याची तिची ही दुसरी वेळ, आणि या वेळी समजावून सांगायला चंदा नव्हती.

"वो कहाँ मिलता?" तिने विचारलं.

"काउंटर पे. पर जल्दी कीजिए, बंद होनेवाला है."

पण काउंटर बंद होणार नव्हतं, झालेलंच होतं. काउंटरमागची मुलगी समोरची पट्टी ओढून घेत होती. उंच, गोरी, केस चापूनचोपून बांधलेली. छातीवरच्या पट्टीवर उर्वशी असं नाव होतं. तिने कागद समोर ठेवला.

"सॉरी मॅडम. क्लोज हो गया. बोर्डिंग शुरू हो चुका है."

"मेरा प्लेन लेट आया बेटा. कोहरा था. और मेरे से एक शब्द में गलती हो गई."

"आय अंडरस्टॅंड, लेकिन सिस्टिम बंद है. आप एअरलाइनके ऑफिस में जाइए, कल का देख लेंगे."

"कल नही होना. आज."

"मॅडम, मेरे हाथ में नही है."

शकुबाईने काउंटरची कड धरली. लाकडाची चौकट नव्हती, थंडगार पत्र्यासारखं काहीतरी होतं, पण धरायला बरं होतं. विनवण्या करणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि रडून कामं होतात यावर तिचा विश्वास नव्हता.

"आज," ती म्हणाली.

मुलगी दुसऱ्या कामाला लागली. कागद आवरले, कोणाशी तरी फोनवर बोलली. फोन ठेवून वर पाहिलं तर बाई तिथेच.

"आज," शकुबाई पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"माताजी, रूल है."

"हमारे में भी रूल था," शकुबाई म्हणाली. "घंटी हुई के खाना बंद. बडी बाई का रूल. मेरे को रसोडे में जिंदगी गई बेटा. घंटी के बाद कितनी लडकियाँ आई. मैं रूल को हो बोलती थी और थाली ढाँक के रखती थी. एक भी भुकी नही सोई. आज मैं घंटी के बाद आई हूँ. मेरी थाली तेरे हाथ में है."

उर्वशीने ओठ दाबले. तिच्या मागे कुठेतरी घोषणा चालू होती. तिने शकुबाईच्या हाताकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि मग फोन उचलून भराभर इंग्रजीत बोलायला लागली. पलीकडच्याने एकदा ऐकलं नाही, ती पुन्हा बोलली. दुसऱ्यांदा तिचाही आवाज तसाच झाला, न चढणारा न उतरणारा. मग खटखट करत यंत्रातून एक जाड कागद बाहेर आला.

"नागपूर में दिया हुआ सामान शायद कल आएगा. आप भागिए माताजी. गेट बहुत दूर है, सिक्युरिटी में लाइन है. मैने बोला है, पर वो ज्यादा रुकेंगे नही. भागिए!"

"तेरा भला हो," असं म्हणायलाही शकुबाई थांबली नाही. ते चालता चालता म्हणाली.

पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या साहेबाने मान वर न करता विचारलं, "लंडन में कौन है?"

व्हिसाच्या वेळी निकेशने तिला घोकून घोकून पढवलं होतं, परिचित म्हणायचं. पण घाईत घोकलेलं टिकत नाही.

"मेरी लडकी," ती म्हणाली. "हल्दी लगानी है."

शिक्का पडला. आपण काय बोललो हे तिला चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, आणि ते खोटं वाटलं नाही म्हणून तिला स्वतःचंच नवल वाटलं.

पुढे मात्र माणसांची भिंत होती. रांग इकडून तिकडे वळत, परत येत, नागासारखी पडली होती. "जरा जाने दो," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. "मेरा प्लेन है," ती म्हणाली. "सबका है आंटी," एकजण म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं.

तेव्हा शकुबाईने काही ठरवून केलं नाही. अंगात मुरलेलं आपोआप बाहेर पडलं. तिने कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटासमोर धरली, कोपरं बाहेर काढली, कंबरेत किंचित वाकली आणि मोठा गंज वरणाने काठोकाठ भरून व्हरांड्यातून नेताना देत असे ती हाळी दिली.

"गरम! गरम! बाजू! गरम!"

माणसं फाटत गेली. विचार करायच्या आत पाय मागे गेले, पोरं आयांनी ओढून घेतली, सुटातल्या माणसाने पोट आत घेतलं. गरम म्हटल्यावर भारतात कोण बाजूला होत नाही! बाई इतकी सांभाळून, इतकी लगबगीने चालली होती की पिशवीतून वाफ येत नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आलं तोवर ती पुढे गेलेली होती.

शेवटच्या टोकाला जवान उभा होता. "क्या गरम है माताजी?"

"कुछ नही भाऊ," शकुबाई धापा टाकत म्हणाली. "आदत है."

तो हसला नाही. त्याने पिशवी उघडली, लाडू सोडले आणि फडक्याची गाठ सोडली. त्याने हळद चिमटीत धरली आणि नाकाशी नेली.

"घर की है?"

"हो. लडकी की शादी."

त्याने गाठ परत बांधली, चांगली घट्ट, आणि बोटं पँटला पुसली. "जाइए. दौडिए."

पुढची वाट संपता संपेना. दोन्ही बाजूंना दुकानं, मधून जमीन आपोआप सरकत होती. तिच्यावर शकुबाईचा भरवसा नव्हता, ती बाजूने चालली, आणि सरकत्या जमिनीवर उभ्या असलेल्यांना मागे टाकत गेली. गुडघा ठणकायला लागला. चष्म्यावर वाफ धरली. मध्येच फोन वाजला, आणि तो न थांबता कानाला लावण्याची कलाही तिला त्या दिवशी आली.

"शकुबाई, बसली का वो?"

"बसतो. पळून राह्यलो."

"विमान सुटलं का?" सोमारीने विचारलं.

"सुटू नाई देत मी. तू जेवली का?"

"तू आल्यावर जेवीन. ताट झाकून ठेवतो तुहं."

"माह्या ताटासाठी उपाशी नोको राहू. हळदीची पोरगी तू..." पण फोन कटला होता.

समोर एक मुलगा दोरी लावून दार ओढत होता. शकुबाईच्या घशातून आता हाळी निघेना. तिने नुसती पिशवी पुढे केली. त्याने तिच्याकडे पाहिलं, कानातल्या यंत्रात काहीतरी विचारलं आणि दोरी काढली. "शकुबाई? आपही का वेट कर रहे थे."

शकुबाई खिडकीशेजारी बसली आणि पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या बाईने दाखवलं. वरून आवाज आला. इंग्रजी तिला कळलं नाही, पण मागोमाग हिंदी आलं, आणि त्यात बोर्डिंग पूर्ण झाल्याचं सांगत होते.

"आता झालं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पदराने तोंड पुसण्याच्या निमित्ताने थोडंसं रडूनही घेतलं. मार्चमध्ये किल्ली देताना जे रडायचं राहून गेलं होतं तेही त्यात उरकलं.

ढग खाली गेल्यावर गाडी ढकलत जेवण आलं. हवाईसुंदरीने ताट समोर ठेवलं, वर चंदेरी कागद, आत काहीतरी गरम. शकुबाईला असं समोर ताट आणून देण्याचा प्रसंग आयुष्यात फार आला नव्हता. ती जेवायची ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीपुढे, गंजाच्या बुडाचं खरवडून. तिने मागे वळून पाहिलं. अजून कितीतरी रांगा वाढायच्या बाकी होत्या. ती थांबली. गाडी पार मागे जाऊन रिकामी परत आली तेव्हा तिने विचारलं, "सबका हो गया बेटा?"

"हो गया आंटी. आपने खाया नही? ठंडा हो जाएगा. ले जाऊँ?"

"नको, नको. रहने दे."

शकुबाईने चंदेरी कागदाची उचकटलेली कड पुन्हा नीट दुमडून बसवली. तिकडे पोरगी आपल्यासाठी ताट झाकून उपाशी बसली असणार, आणि ती एकदा बसली की बसली. उठवायला आपणच पोचलं पाहिजे.

सिक्युरिटीत गाठ सोडली-बांधली तेव्हा सांडलेली हळद पिशवीच्या तोंडाशी लागली होती, तिथून ती बोटांना लागली होती. तिने ती पुसली नाही. झाकलेल्या ताटावर तो पिवळा हात ठेवून ती खिडकीबाहेर पाहत बसून राहिली.